ग्रँटचेस्टर आणि कॅमकाठची पायवाट: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना लागला की केंब्रिजमधल्या मराठी घरांत पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कुणाचे आईवडील मुक्कामाला येतात, कुणाचा मावसभाऊ लंडनला कामासाठी आलेला असतो आणि शनिवारी सकाळची गाडी पकडून इकडे उतरतो. किंग्ज कॉलेजचं चॅपल पाहून होतं, फोटो काढून होतात, आणि मग विचारणा होते, की इथलं एखादं खेडं बघायला मिळेल का? मिळेल. ग्रँटचेस्टरला जा. त्यापुढचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

गाव नेमकं कुठे आहे आणि तिथे आहे तरी काय?

केंब्रिजच्या नैर्ऋत्येला, कॅम नदीच्या पश्चिम काठावर. शहराच्या मध्यापासून साधारण तीन-साडेतीन किलोमीटर. एक जुनं चर्च, मोजके पब, फळझाडांखालची चहाची बाग, काडाने शाकारलेली काही घरं, आणि गावाला लागून नदीकाठची लांबलचक कुरणं. फक्त गाव बघायचं म्हटलं तर अर्ध्या तासात संपतं. गाडीने येऊन, चर्चचा फोटो काढून, ‘एवढंच का?’ म्हणत परतणारे बरेच असतात. चूक गावाची नाही. इथे बघायची गोष्ट म्हणजे शहरातून गावापर्यंतची वाट, गाव हा तिचा शेवट. अर्धा दिवस हाताशी नसेल तर दुसरं काहीतरी पाहा.

लंडनहून एका दिवसात जमेल?

आरामात. किंग्ज क्रॉसहून जलद गाडी सुमारे पन्नास मिनिटांत केंब्रिजला पोचते, लिव्हरपूल स्ट्रीटहून सव्वा तासाच्या आसपास लागतो. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जाणार असाल तर गर्दीची वेळ टाळून ‘ग्रुपसेव्ह’ सवलत घ्या, भाड्यात जवळपास एक-तृतीयांश वाचतो. स्टेशन शहराच्या मध्यापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, बसही मिळते. सकाळी कॉलेजं, दुपारी कुरणं, हा क्रम चांगला. उलटा केलात तर पाय दुखत असताना चॅपलच्या रांगेत उभं राहावं लागेल.

चालत जायचा रस्ता सांगा. गुगल मॅप भलतीकडून नेतो.

मॅप बहुतेक वेळा तुम्हाला मोटारींच्या रस्त्याला लावतो, त्यात मजा नाही. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलापाशी सुरुवात करा. पुलाच्या दक्षिणेला मिल पाँड आहे, भाड्याच्या होड्यांची गर्दी असते तिथेच. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून शीप्स ग्रीन आणि लॅमस लँड या मोकळ्या गवताळ जागांवरून न्यूनम या भागाच्या दिशेने चालायला लागा. पुढे ‘पॅरडाइस’ नावाचं छोटं नैसर्गिक राखीव क्षेत्र लागतं. नावावरून फार अपेक्षा ठेवू नका, ओलसर झाडी आणि फळ्यांची वाट आहे. पण शहर मागे पडतं ते इथेच. ते ओलांडून औलस्टन रोडवर या, आणि तिथून ‘ग्रँटचेस्टर मेडोज’ नावाच्या रस्त्याला लागा. रस्त्याचं आणि पुढच्या कुरणांचं नाव एकच आहे, यात अनेकांचा घोटाळा होतो. दोन्ही बाजूंनी घरं असलेला तो रस्ता. घरं संपली की फाटक, आणि फाटकापलीकडे कुरणं.

इथे दोन वाटा फुटतात. वरची कुंपणाच्या कडेने जाते, पक्की आहे, तिच्यावर सायकलीही असतात. खालची नदीला चिकटून, मातीची, वळणावळणाची. पाय चांगले असतील आणि जमीन कोरडी असेल तर खालचीच घ्या. दोन्ही शेवटी गावातच पोचतात. रमतगमत गेलात तर पुलापासून गावापर्यंत एक तास धरा.

कागदी नकाशा आवडत असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर २०९ घ्या. त्यावर प्रत्येक सार्वजनिक पायवाट हिरव्या तुटक रेघेने दाखवलेली असते. हा नकाशा हातात असला की इंग्लंडचा ग्रामीण भाग एकदम मोकळा होतो, ही जाहिरात नाही.

दुसऱ्याच्या शेतातून असं चालत जाणं चालतं का? कुणी हटकत नाही?

पहिल्यांदा सगळेच जरा दबकत चालतात. इंग्लंडमध्ये ‘पब्लिक फूटपाथ’ असा फलक असलेली वाट खासगी जमिनीतून जात असली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. मालकाला ती अडवता येत नाही, नांगरून बुजवता येत नाही. वाटेवरून चालायचा हक्क आहे, वाट सोडून शेतभर हिंडायचा नाही. पीक उभं असेल तर एकामागे एक चाला.

ग्रँटचेस्टरची कुरणं किंग्ज कॉलेजच्या मालकीची आहेत. गावाशी कॉलेजचा जमिनीचा संबंध पंधराव्या शतकापासूनचा. लोक मात्र इथे पिढ्यान्‌पिढ्या फिरतात, पथारी पसरतात, वाचत पडतात. नियम साधे आहेत. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. कचरा घरी न्या. वाटेत अर्धगोल कुंपणात झुलणारं अरुंद फाटक लागेल. आधी आत शिरायचं, मग फाटक आपल्या अंगावरून पलीकडे सरकवून बाहेर पडायचं. एका वेळी एक माणूस. पाठीवर मोठी बॅग असेल तर ती आधी काढा, नाहीतर मागे रांग लागते आणि इंग्रज माणसं हसू दाबत उभी राहतात.

आईबाबांना झेपेल का? बाबागाडी जाईल का?

वाट जवळपास सपाट आहे, चढ असा नाहीच. रोज पाच-सहा किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला काहीच वाटणार नाही. गुडघ्याचं दुखणं असेल तर वरच्या पक्क्या वाटेने जा आणि परतीला टॅक्सी बोलवा. बाबागाडीही वरच्याच वाटेने. बसायला बाकं आहेत, पण दर शंभर पावलांवर असतील अशा भरवशावर राहू नका.

आणि हो, कुरणांत स्वच्छतागृह नाही. शहरातून निघण्यापूर्वी उरकून घ्या. पुढची सोय थेट गावात, तीही जिथे चहा किंवा जेवण घ्याल तिथे.

कधी यावं?

मे ते सप्टेंबर. मेमध्ये हॉथॉर्नची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरतात. जूनमध्ये संध्याकाळी नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे दुपारी चारला निघूनही घाई होत नाही. ऑगस्टच्या शेवटी कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात आणि येता-जाता तोडून खाल्ल्या तर कुणी काही म्हणत नाही. कमरेखालच्या उंचीवरच्या सोडून द्या, कुत्री कुठे पाय वर करतात ते तुम्हाला माहीत आहे.

डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो. हिवाळ्यात नदी फुगली की कुरणांत पाणी शिरतं आणि खालची वाट बंदच पडते. पण थंडीत गवतावर दहिवर गोठलेलं असताना वरच्या वाटेने जाण्यात एक वेगळंच सुख आहे, एवढंच सांगतो. सव्वीस डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, गावात पिंपं ढकलत पळण्याची शर्यत होते. नाताळात इथे असाल तर चुकवू नका.

पाऊस सारखा असतो ना? छत्री, रेनकोट, काय काय घ्यायचं?

ही एक गंमतच आहे. केंब्रिज हा इंग्लंडच्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. वर्षाचा पाऊस साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा कमी. फरक इतकाच की पुण्यात तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथे वर्षभर थोडाथोडा शिंपडला जातो. हिवाळ्यात ऊन इतकं मंद असतं की पडलेलं पाणी वाळतच नाही, आणि जमीन चिकणमातीची. त्यामुळे पाऊस कमी असूनही ऑक्टोबर ते मार्च चिखल भरपूर. चामड्याचे चांगले बूट किंवा कोल्हापुरी घालून खालच्या वाटेला जाऊ नका. छत्रीपेक्षा टोपीचं पातळ जॅकेट बरं, वाऱ्यात छत्री टिकत नाही.

उन्हाळाही गृहीत धरू नका. २५ जुलै २०१९ रोजी केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात ३८.७ अंश तापमान नोंदलं गेलं आणि तो तेव्हा देशाचा उच्चांक होता. कुरणात सावली कमी आहे. पाणी सोबत ठेवा.

जून-जुलैत गवताला फुलोरा येतो, तेव्हा परागकणांमुळे अनेकांना शिंका आणि डोळ्यांची आग सुरू होते. भारतात कधीच त्रास नसलेल्यांनाही इथे होतो. ‘हे फीव्हर’ची गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आधीची औषधं चालू असतील तर तिथल्या फार्मासिस्टला विचारून घ्या.

कुरणात गाई असतात म्हणे. आई म्हणते पोळी घेऊन जाऊ, गोग्रास घालू.

नको. आईंना समजावून सांगावं लागेल आणि ते सोपं नाही हे मान्य. पण इथे हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये स्वयंपाकघरातलं अन्न शेतीच्या जनावरांना घालणं बेकायदेशीर आहे, शाकाहारी घरातलं असलं तरी. २००१ साली इथे लाळ्या-खुरकताची भयंकर साथ आली. न उकळलेलं खरकटं डुकरांना घातल्याने ती सुरू झाली असं तपासात निघालं, आणि साथ थोपवण्यासाठी लाखो जनावरं मारावी लागली. त्याच वर्षी नियम कडक झाले. आपली तूप लावलेली पोळीसुद्धा त्या नियमात बसते.

लांबून नमस्कार करा, त्याला कायद्याची हरकत नाही. वसंतापासून शरदापर्यंत गुरं कुरणात सोडलेली असतात. बहुतेक वेळा ती तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तरी गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, कळपाला वळसा घालून जा, आणि सेल्फीसाठी पाठ फिरवून शिंगांजवळ उभं राहू नका. सोबत कुत्रा असेल आणि गुरं अंगावर यायला लागली तर त्याची दोरी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

कुत्री मोकळी असतात का? भीती वाटते.

असतात, भरपूर. तुम्ही थांबलात आणि हात अंगाशी घेतलेत की मालकाच्या लक्षात येतं आणि तो हाक मारतो. लक्षात न आल्यास सरळ सांगा की भीती वाटते. कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट माफी मागतात.

झुडपाला हात लागला आणि भयंकर आग होतेय. काय आहे ते?

नेटल. दातेरी पानांचं, कमरेएवढं वाढणारं, अगदी निष्पाप दिसणारं रोप. पानांवरच्या बारीक केसांतून दाहक द्रव टोचला जातो. चोळू नका, पाण्याने धुवा. थोड्या वेळाने आग आपोआप उतरते. शेजारीच डॉक नावाच्या रोपाची मोठी पानं उगवतात आणि ती चोळावीत असा इथला आजीबाईचा बटवा सांगतो. त्याचा औषध म्हणून उपयोग फारसा नसावा, पण पान शोधण्यात मुलांचं रडणं थांबतं. अर्ध्या पँटी घालून अरुंद वाटेत शिरू नका.

पक्षी, झाडं काय दिसतील?

आश्चर्य वाटेल, पण काही ओळखीचेच. नदीवर चमकत जाणारा निळा खंड्या हा आपल्याकडच्या छोट्या खंड्याचाच भाऊबंद, जात एकच. राखी बगळा तोच. पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर दिसतात, तेच इथे वर्षभर भांडत असतात. हंस मात्र इथलेच. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या घरट्याजवळ जाऊ नका, नर अंगावर धावून येतो.

नदीकाठी डोकं छाटलेले, ठेंगणे, जाडजूड बुंध्याचे विलो दिसतील. ते तसेच वाढत नाहीत. माणसाच्या उंचीवर दर काही वर्षांनी फांद्या छाटतात, म्हणजे नवे फुटवे गुरांच्या तोंडाला लागत नाहीत आणि टोपल्या-कुंपणांसाठी सरळ काठ्या मिळतात. क्रिकेटवेड्यांचा प्रश्न येतोच: बॅटी याच झाडाच्या का? कुळ तेच, पण बॅटीसाठी पांढऱ्या विलोचा एक खास प्रकार मुद्दाम लावतात आणि त्याला असं छाटत नाहीत, कारण बुंधा सरळ आणि गाठींवाचून हवा असतो.

चहाची बाग एवढी प्रसिद्ध का?

ही बाग १८६८ साली लावलेल्या फळझाडांची. १८९७ मध्ये काही विद्यार्थ्यांनी घरमालकिणीला विनंती केली की आम्हाला घराच्या अंगणात नको, बहरलेल्या झाडांखाली चहा द्या. तिने दिला, आणि पायंडा पडला. नदीतून होडीने यायचं, झाडाखाली बसायचं, संध्याकाळी परत जायचं.

१९०९ मध्ये किंग्ज कॉलेजचा रूपर्ट ब्रूक हा तरुण कवी त्या घरात भाड्याने राहायला आला आणि पुढे शेजारच्या ओल्ड व्हिकरेजमध्ये, म्हणजे पाद्र्याच्या जुन्या घरात, गेला. त्याच्याभोवती मंडळी जमली. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ, अर्थशास्त्रज्ञ केन्स, कादंबरीकार फॉर्स्टर, तत्त्वज्ञ रसेल आणि विटगेनस्टाइन या सगळ्यांची नावं बागेशी जोडलेली आहेत. एका खेड्यातल्या खुर्च्यांवर इतकी डोकी बसून गेली हे ऐकून आपणही थोडं ताठ बसतो. मग कळतं की त्या कापडी आरामखुर्च्यांत ताठ बसताच येत नाही.

काय घ्यावं? स्कोन (छोटा, गोडसर पाव), घट्ट साय आणि जॅम, सोबत किटलीभर चहा. आधी साय की आधी जॅम यावर डेव्हन आणि कॉर्नवॉलचे लोक हिरिरीने वाद घालतात. तुम्ही हवं तसं खा. चहा मिळमिळीत लागेल. दोन पिशव्या मागा. शनिवार-रविवारी ऊन पडलं की रांग मोठी असते. घरून आणलेला डबा बागेत उघडायचा नाही, त्यासाठी कुरण आहे.

चर्चच्या घड्याळाची काय गोष्ट आहे?

ब्रूक मे १९१२ मध्ये बर्लिनमध्ये होता. तिथल्या एका कॅफेत बसून, उकाड्यात, त्याने या गावावर एक लांब कविता लिहिली. निम्मी थट्टेची, निम्मी घरच्या ओढीची. शेजारच्या गावांची तो यथेच्छ टिंगल करतो आणि शेवटी विचारतो, की चर्चच्या घड्याळात अजून तीनला दहा मिनिटं कमीच आहेत का, आणि चहासोबत मध मिळतो का. इंग्लंडमध्ये शाळेत शिकलेल्या पिढ्यांना त्या ओळी पाठ आहेत. म्हणून दुपारी नेमक्या त्या वेळेला कुणी मोबाइल रोखून मनोऱ्याखाली उभं दिसलं तर नवल करू नका.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं. पहिल्या महायुद्धात ब्रूक नौदलाच्या तुकडीबरोबर तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीकडे निघाला, वाटेतच डास चावल्याची जखम चिघळून रक्तात विष पसरलं आणि २३ एप्रिल १९१५ रोजी तो गेला. वय सत्तावीस. ग्रीसच्या स्कायरॉस बेटावर त्याला पुरलं. चर्चच्या आवारातल्या युद्धस्मारकावर गावातल्या इतर मृतांसोबत त्याचंही नाव कोरलेलं आहे, वेगळ्या मोठ्या अक्षरांत नाही. घड्याळापेक्षा मला ते पाहायला आवडतं.

चर्च उघडं असेल तर आत जरूर जा. बूट काढायचे नसतात. पुरुषांनी टोपी काढावी, प्रार्थना चालू असेल तर मागेच बसावं. मुलांना थडग्यांवर चढू देऊ नका.

ओल्ड व्हिकरेज आतून बघता येतं का?

नाही, खासगी घर आहे. ब्रूकचा पुतळा आवारात आहे, तो बाहेरून दिसला तर बघायचा आणि पुढे निघायचं. गावातल्या सगळ्याच घरांच्या बाबतीत हेच. दारातले गुलाब कितीही सुंदर असले तरी खिडकीतून मोबाइल आत रोखणं बरं नव्हे.

काडाने शाकारलेली घरं आहेत. गाव गरीब आहे का?

हा प्रश्न विशेषतः आजोबा मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे ज्याला कौलं परवडली त्याने गवत उतरवलं. इथेही एके काळी तसंच होतं: शाकारलेलं छप्पर म्हणजे शेतमजुराचं घर. आता चित्र उलटं आहे. शाकारणारे कारागीर थोडे उरले, काम महाग झालं, आगीच्या धोक्यामुळे विमा कंपन्या जास्त हप्ता घेतात, आणि बरीचशी घरं ‘लिस्टेड’ म्हणजे वारसा म्हणून नोंदलेली आहेत. अशा घराच्या खिडकीची चौकट बदलायची तरी परवानगी लागते. मालक छप्पर काढून कौलं घालू म्हणाला तर त्याला कुणी घालू देणार नाही. नॉरफकच्या पाणथळीतला बोरू वापरला तर छप्पर जास्त टिकतं, गव्हाचं काड वापरलं तर लवकर बदलावं लागतं.

थोडक्यात, ज्या घराकडे पाहून तुम्हाला कोकणातलं जुनं घर आठवलं, त्याची किंमत ऐकली तर ठसका लागेल. गावात राहणारे बहुतेक लोक शेती करत नाहीत. केंब्रिजला किंवा लंडनला कामाला जातात.

पबमध्ये जावं का? आम्ही पीत नाही, शिवाय मुलं आहेत.

जावं. गावचा पब म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. मोठ्यांबरोबर मुलं चालतात, जेवण मिळतं, आणि लाइम-सोडा किंवा एल्डरफ्लावरचं सरबत मागितलं तर कुणी भुवया उंचावत नाही. बऱ्याच पबमध्ये टेबलावर बसून वाट पाहिली तर कुणीच येत नाही. काउंटरवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे तिथेच द्यायचे. दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर अनेकदा बंद होतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास उघडतं. चारला भुकेने कळवळत पोचू नका.

शाकाहारी मिळेल? आजी अंडंही खात नाहीत.

शाकाहारी पदार्थ सगळीकडे असतात. घोळ अंड्याचा आहे. इथे ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं येतं. केक तर सोडाच, स्कोनलाही चमक यावी म्हणून वरून अंडं फासलेलं असू शकतं. ‘व्हीगन’ लिहिलेला पदार्थ घेतला तर अंडं नक्की नाही, पण मग दूध-लोणीही नाही. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेली असतात. त्यामुळे आजींसाठी भाजलेला बटाटा आणि बीन्स, किंवा चक्क घरचे ठेपले घेऊन कुरणात बसणं उत्तम. गावात किराणा दुकान मिळेल या भरवशावर येऊ नका. पाणी, औषधं, मुलांचा खाऊ शहरातूनच घ्या.

होडीने जाता येतं का? आपली आपण चालवायची की माणूस मिळतो?

सपाट बुडाची ‘पंट’ मिल पाँडपाशी भाड्याने मिळते. कॉलेजांच्या मागून जाणारी फेरी वेगळी, ती उत्तरेला. ग्रँटचेस्टरसाठी वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या नदीची पंट मागा. जाऊन-येऊन तीन-चार तास धरा, नवशिक्यांना त्याहून जास्त. केंब्रिजमध्ये मागच्या फळीवर उभं राहून बांबूसारखी लांब काठी तळाला रेटतात. ऑक्सफर्डचे लोक दुसऱ्या टोकाला, होडीच्या आत उभे राहतात, आणि दोन्हीकडचे एकमेकांना अडाणी समजतात.

काठी चिखलात रुतली तर सोडून द्यायची. धरून ठेवलीत तर होडी पुढे जाते, तुम्ही काठीवर राहता. लहान मुलं आणि पोहता न येणारे असतील तर आधी लाइफ जॅकेट मागून घ्या.

नदीत पोहता येईल?

लोक पोहतात, शंभराहून अधिक वर्षं पोहत आले आहेत. तरी पाहुण्यांना मी नाहीच सांगेन. २०२४ मध्ये शीप्स ग्रीनची जागा अधिकृत स्नानस्थळ म्हणून जाहीर झाली, त्यामुळे तिथलं पाणी नियमित तपासायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी दर्जा ‘पुअर’ आला. वरच्या बाजूने सांडपाणी आणि शेतातलं पाणी नदीत येतं. पाणी उन्हाळ्यातही गार असतं, तळाला वेली असतात. पोहायचंच असेल तर शहरात जीझस ग्रीनचा १९२३ सालचा उघडा तलाव आहे, चांगला शंभर यार्ड लांब. छोट्यांसाठी लॅमस लँडवर उन्हाळ्यात उथळ हौद भरलेला असतो.

बायरन्स पूल बघायला जावं का?

कवी लॉर्ड बायरन ट्रिनिटी कॉलेजात असताना इथे पोहायचा म्हणून हे नाव. वुल्फ आणि ब्रूक इथे रात्री पोहल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. गावाच्या दक्षिणेला, शेजारच्या ट्रम्पिंग्टन गावाच्या बाजूला, चालत पंधरा-वीस मिनिटं. पण काव्य डोक्यात घेऊन गेलात तर हिरमोड होईल: काँक्रीटचा बंधारा आहे आणि एम-११ महामार्गाची घरघर ऐकू येते. पक्षी बघायचे असतील, झाडीतून फिरायचं असेल तर छान जागा. वाटेत जुन्या गिरणीचा डोह लागतो. गिरणी १९२८ मध्ये जळाली.

तिथूनच पुढे ट्रम्पिंग्टनला गेलात तर आल्या वाटेने परतायला नको. तिथल्या चर्चमध्ये सर रॉजर द ट्रम्पिंग्टन या सरदाराची १२८९ च्या सुमाराची पितळी प्रतिमा आहे, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्यांपैकी. आणि मुख्य रस्त्यावर शहरात जायला बसेस आहेत.

या सगळ्याचा मराठी माणसाशी काही संबंध?

गावाशी थेट नाही, उगाच जोडायला नको. केंब्रिजशी मात्र आहे. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. जयंत नारळीकर १९५७ मध्ये फिट्झविल्यम हाउसमध्ये दाखल झाले. ती संस्था तेव्हा ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर होती, तुमची पदयात्रा सुरू होते त्या मिल पाँडपासून काही मिनिटांवर. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली पीएच.डी. करून ते किंग्ज कॉलेजचे, म्हणजे याच कुरणांच्या मालक कॉलेजचे, फेलो झाले आणि १९७२ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. मुलांना कंटाळा आला की वाटेत सांगायला हे उपयोगी पडतं.

गाडी घेऊन आलो तर?

गावात जागा कमी आणि गल्ल्या अरुंद. लोकांच्या फाटकासमोर गाडी लावू नका. ट्रम्पिंग्टनच्या पार्क अँड राइडला, म्हणजे शहराबाहेरच्या बसथांब्याजवळच्या वाहनतळावर, लावून चालत या.

परतताना अंधार झाला किंवा पाय दुखले तर?

गावातून बस आहे पण फेऱ्या मोजक्या, रविवारी तर गृहीतच धरू नका. निघण्यापूर्वी त्या दिवसाचं वेळापत्रक पाहा. टॅक्सी फोनवरून बोलवावी लागते, रस्त्यावर हात दाखवून थांबत नाही, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी यायला वेळ लावते. चहाचं बिल देतानाच बोलवून ठेवा. चालतच परतणार असाल तर वरची वाट घ्या. कुरणांत दिवे नाहीत, मोबाइलची बॅटरी थोडी राखून ठेवा, आणि मागून घंटी वाजली तर डावीकडे व्हा, सायकलवाले अंधारातही जोरात येतात.